थंड खोलीतला संथ कॉम्प्युटर

ऐंशीच्या दशकात आमच्या नागपूरच्या परीक्षा-कचेरीत कॉम्प्युटर आला आणि त्याच्यासाठी एसी बसला. साहेबांच्या खोलीतही तेव्हा कूलरच होता. त्यामुळे उन्हाळ्यात कॉम्प्युटरची काळजी घ्यायला अर्धी कचेरी त्या खोलीत येऊन बसायची. मी त्याचा ऑपरेटर. आत येणाऱ्याला चपला बाहेर काढायला लावायचो, असा माझा रुबाब.

सुरुवातीला नाव टाकलं की मिनिटभरात गुण समोर यायचे. पुढे सकाळी नाव टाकावं तर दुपार व्हायची, आणि मध्येच लाइट गेली की पुन्हा श्रीगणेशा. आमचे हेडक्लार्क बडेबाबू म्हणाले, धूळ असेल. जुनी रजिस्टरं त्यांनीच कुलपात घातली होती. कॉम्प्युटर असताना ती उघडणं म्हणजे प्रगतीचा अपमान.

अशातच मौद्याहून एक शेतकरी येऊ लागला. त्याच्या मुलीची गुणपत्रिका हरवली होती. नर्सिंगच्या प्रवेशासाठी दुसरी हवी होती, शनिवार शेवटचा दिवस. चपला हातात धरून दारातून विचारायचा, "काहून एवढा टाइम लागून राहिला, साहेब?"

बुधवारी मला कारण सापडलं. कचेरीत कागद फाडायचा नाही, हा नियम. म्हणून एखादी वेलांटी सुधारली तरी मी जुनी फाइल न पुसता नवी करायचो. एकेका पोराच्या सात-आठ फाइली, सगळ्या एकाच ढिगात, आणि बिचारं मशीन पहिलीपासून एकेक चाळत बसायचं. जुन्या पुसल्या की झालं, तासाभराचं काम.

पण मी पडलो शिस्तीचा माणूस. पुसायची परवानगी मागणारा अर्ज केला. बडेबाबूंनी त्यावर शेरा मारून तो साहेबांकडे पाठवला. साहेब रामटेकला लग्नाला गेलेले. सही झाली सोमवारी. खबरदारी म्हणून बडेबाबूंनी दाराशी नारळही फोडला. मी फाइली पुसल्या, नाव टाकलं, आणि गुणपत्रिका बघता बघता हातात आली.

तो सोमवारीही आला होता. कागद घेऊन म्हणाला, "काय बिघडलं होतं जी?"

मला बुधवारपासून ठाऊक होतं. तरी तोंडातून निघालं, "नारळ फोडला, मग चाललं."

त्यानं कागदाची नीट घडी घातली. "पोरीचं तर वर्ष गेलं," तो म्हणाला. "मंग पहिलेच काहून नाही फोडला, साहेब?"