पिंपळाभोवती चोवीस फोटो

लिहिताना माझे ह्रस्व-दीर्घ चुकतात आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. चौथीनंतर हातात सुताच्या कांड्या आल्या, पेन फारसं आलं नाही. ही वही कधी कुणी उघडलीच तर त्यानं सांभाळून घ्यावं. चार बायांत तोंड उघडायला मला जमत नाही, म्हणून लिहिते.

आंधळगावात आमचा एक हातमाग आहे. नवरा कोशाच्या रेशमाच्या साड्या विणतो, मी त्याला सुताच्या कांड्या भरून देते. साड्यांचे फोटो व्यापाऱ्याला पाठवायला चांगला फोन पाहिजे, म्हणून मी बचत गटातून पंधरा हजार उचलले. आमच्या गटात पैसा थोडा, त्यामुळे नियम असा की एकीचं कर्ज पूर्ण फिटल्याशिवाय दुसरीला मिळत नाही. माझ्यामागे नंबर माझ्या जावेचा होता. तिला शेळ्या घ्यायच्या होत्या.

फोन आला आणि माझं डोकं भलतीकडेच लागलं. मुलगी नागपूरला शिकते. दिवाळीत आली तेव्हा तिनं एक ॲप दाखवलं. त्यात फोटोवर फोटो ठेवता येतात. खालचा पूर्ण, त्यावरचा अर्धा फिकट, तिसरा त्याहून फिकट. ती गंमत म्हणून दाखवून गेली, पण मला ते लगेच समजलं. उभा ताणा एका रंगाचा आणि आडवा बाणा दुसऱ्या रंगाचा घातला की कापडात तिसराच रंग दिसतो, हे मी लहानपणापासून बघत आले आहे. मी एका साडीचे दहा फोटो एकावर एक ठेवले. साडी धुक्यात वाळत घातल्यासारखी दिसायला लागली. मला ते इतकं आवडलं की मी तेच नवऱ्याला दिलं आणि त्यानं न बघता व्यापाऱ्याला पाठवलं. व्यापाऱ्यानं विचारलं, फोन पाण्यात पडला होता का. ती साडी काही विकली गेली नाही. लग्नसराईही संपलेली. सुरुवातीचे हप्ते मी फेडले होते, पण आता तीन हप्ते थकले.

जाऊ भांडखोर नाही, पण टोमणा मारल्याशिवाय तिला चहा गोड लागत नाही. एकदा बैठकीत ती म्हणाली, "बाई, तुह्या फोनातल्या शेळ्या दूध देतीन का?" बाया पोट धरून हसल्या. मीही हसले. मनाला मात्र ते लागलं.

मुलीनं आणखी एक सांगितलं होतं. झाडाभोवती फिरत चोवीस फोटो काढायचे, बुंधा दर वेळी मधोमध ठेवायचा, मग सगळे एकावर एक चढवायचे. बुंधा तेवढा टिकतो, बाकी सगळं विरघळतं. तलावाच्या पाळीवर पिंपळ आहे. एका बुधवारी सकाळी तिथं गेले. दोन पावलं चालायचं, थांबायचं, फोन छातीशी धरून फोटो काढायचा, तोंडानं आकडा मोजायचा, पुन्हा दोन पावलं. चुकलं की पहिल्यापासून. अशा तीन-चार फेऱ्या झाल्या तेव्हा धुणं घेऊन आलेल्या दोन बाया थांबल्या. एकीनं विचारलं, "काहून वो, कायचा नवस हाय?"

मी नाही म्हणायला हवं होतं. पण ॲप आणि बुंधा समजावून सांगायचे म्हणजे दहा वाक्यं लागणार, आणि माझ्या तोंडून दोनही निघेनात. मी नुसती मान हलवली.

दुसऱ्या दिवसापर्यंत सगळ्यांना ठाऊक झालं होतं की मी कर्ज फिटावं म्हणून पिंपळाला चोवीस फेऱ्या बोलले आहे, आणि देवानं पुढे नाही म्हणू नये म्हणून दर फेरीचा फोटो ठेवते. राहिलेले फोटो काढायला पुढच्या बुधवारी गेले, तर सात बाया हळदकुंकू घेऊन माझ्याआधी हजर. सगळ्यांत पुढे जाऊ. माझं कर्ज फिटलं तरच तिच्या शेळ्या येणार, तेव्हा तिची भक्ती सगळ्यांपेक्षा जास्त होती. त्या बुंध्याजवळून फिरत, मी बाहेरून. मी थांबले की त्याही थांबत. त्यांना बाजूला व्हा म्हणायचं धाडस माझ्यात नव्हतं.

दुपारी चोवीस फोटो जुळवले. चेहरे सगळे विरून गेले होते. उरले होते साड्यांचे रंग. हिरवा, जांभळा, जावेचा केशरी, ओल्या फडक्यानं बुंध्याभोवती पुसत नेल्यासारखे. वर पानांचा हिरवा धूर. आभाळाचा पांढरा मी जरा दाबला, बुंध्याचा काळा वाढवला, आणि चूल पेटवायची विसरले.

संध्याकाळी जाऊ आली. "मी कुठं हाय यात?" मी केशरी रंगावर बोट ठेवलं. "अन् इथं कोण?" तिथंही तीच. "अन् हे?"

"तूच," मी म्हणाले.

"मंग सगळीकडं मीच हाय ना!" असं म्हणून तिनं तो फोटो आपल्या फोनवर घेतला आणि माहेरी सगळ्यांना पाठवला. तिचा भाऊ जंगलाच्या रस्त्यावर एका हॉटेलात कामाला आहे. तिथल्या मालकिणीनं फोटो पाहिला आणि खोल्यांच्या भिंतींसाठी असे सहा मागितले, एकेकाचे दोन हजार.

मोह, चिंच, बोर, सगळी झाडं फिरून झाली. आता बाया आदल्या दिवशीच ठरवत, कोणी कोणता रंग नेसायचा. मला लबाडी टोचत होती. शेवटच्या झाडाखाली मी जावेला सांगून टाकलं की नवस कधी नव्हताच, मी फक्त फोटो काढत होते.  ती म्हणाली, "थे मले पहिल्याच दिवशी समजलं होतं. नवसाची बाई मांग पाऊल घेऊन पुन्हा मोजत नाही. पण तू एकटी फिरून राहिली होती, मले बरं नाही वाटलं."

गटाच्या बैठकीत मी फोटोंच्या पैशातल्या नोटा सतरंजीवर ठेवल्या. थकलेले हप्ते, पुढचे हप्ते आणि व्याज मिळून अकरा हजार. सचिव बाईनं दोनदा मोजले आणि माझ्या पानावर आडवी रेघ मारली. एक रुपयाही बाकी राहिला नाही.