घरी विचारून सांगते

"तुमचा हेतू चांगला होता हो मॅडम," असं स्क्रीनवरच्या चौकोनांतून एकेकीनं मला सांगितलं, तेव्हा मी कॅमेरा बंद करून टाकला. हेतूचं काय लोणचं घालायचंय? एका बाईचं रोजचं चालणं माझ्यामुळं बंद पडलं, आणि ह्या मला समजावतायत. मी रागावलेली आहे, हे आधीच सांगते. दोन महिने झाले तरी राग उतरलेला नाही. तो सगळ्यात जास्त माझ्यावरच आहे, पण म्हणून बाकीचे सुटले असं कुणी समजू नये.

मी कराडला भूगोल शिकवते. सह्याद्रीच्या रांगा फळ्यावर काढण्यात पंचवीस वर्षं गेली. त्यातल्या किती चढले ते बोटांवर मोजता येईल. चाळिशी उलटल्यावर गावातल्या एका ट्रेकिंग ग्रुपमध्ये गेले. पुरुषांचाच ग्रुप, पण 'वहिनींना' घेऊन यायला परवानगी होती. पहिल्या ट्रेकला अर्ध्या वाटेवर एका सपाटीला सगळे थांबले आणि पिशव्यांतून चिरायला कांदे निघाले. "वहिनी, तुम्ही पोह्यांचं बघा तोवर. वर वारा फार आहे, तुम्हाला सोसायचा नाही." वारा सोसायचा नाही! आम्ही चौघी तिथं बसून कांदे चिरत होतो आणि वरून ह्यांच्या घोषणा ऐकू येत होत्या. तीन ट्रेक मी हे चालवून घेतलं. चौथ्याला माझी सटकली. म्हटलं, "पोहे तुम्हीच करा, मी वर जाते." गेलेही. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर मेसेज, 'काही सदस्यांनी शिस्त पाळावी.' मी ग्रुप सोडला.

त्या तिडिकेतच हे सुरू केलं. ज्या बायकांना हिंडायला आवडतं त्यांची ऑनलाइन वाचनबैठक. डोंगरावरची, रानातली, प्रवासातली पुस्तकं वाचायची आणि रविवारी दुपारी तीनला व्हिडिओ कॉलवर बोलायचं. तीनच का? तर भांडी आवरलेली असतात आणि चहा टाकायला अजून वेळ असतो. बाईच्या दिवसात रिकामा तास तो एवढाच. मैत्रिणींना मेसेज टाकला, त्यांनी पुढं धाडला, आणि महिन्याभरात आम्ही बारा जणी झालो. एक सांगलीची निवृत्त नर्स, दोघी वडूजकडच्या, तिघी कडेगावच्या, बाकी अशाच इकडच्या तिकडच्या.

आमचे हे म्हणाले, "छान केलंस. घरातल्या घरात विरंगुळा." मला ते कौतुक वाटलं होतं. मीही खूळच! बाकीच्यांच्या घरूनही असंच कौतुक. एकीचा नवरा तर म्हणे तासभर पोरं सांभाळायचा. का नाही सांभाळणार? बायको हिमालय वाचतेय, पण बसलीये स्वयंपाकघरातच.

पाटणच्या वरच्या अंगाला डोंगराच्या कुशीत एक गाव आहे, तिथली एक जण आमच्यात होती. तिशीच्या आतबाहेरची, नवरा फौजेत, घरी सासू-सासरे. ती कधी कॅमेरा सुरू करायची नाही. पहिल्या दोन बैठकांत एक शब्द बोलली नाही. तिसऱ्या वेळी आम्ही सगळ्या एका लेखकाच्या डोंगर उतरण्याच्या वर्णनावर वाहवा करत होतो, तोच मधेच आवाज आला, "त्यो कधी उतरला न्हाई वाटतं." मी आवाज वाढवला. "उतारानं तास-तास गुडघं दुखत्यात म्हनतोय. पायाखाली सडा आसंल तर आदी पोटऱ्या धरत्यात. आन् सकाळच्याला दगड वला आसतोय, त्याचं कायच न्हाई त्यात."

सडा म्हणजे आमच्या ह्या भागात डोंगरमाथ्यावरचं सपाट कातळाचं पठार. ही बाई रोज पहाटे गावावरच्या सड्यावर जायची. पवनचक्क्यांपर्यंत चालायची आणि परत. गव्यांचा कळप कुठल्या अंगाला उतरतो, कारवीच्या झुडपात कुठं वाट आहे, दाट धुक्यात दिशा कशी धरायची, सगळं तिला पायांनी ठाऊक. त्या दिवसापासून आमची बैठक खरी रंगायला लागली. पुस्तक कुणाचंही असो, शेवटी सगळ्या तिलाच विचारायच्या, "खरंय का गं हे?" आणि ती सांगायची, "हे खरं हाय," नाहीतर, "न्हाई, हे घरात बसून लिव्हलंय." असं हसायचो आम्ही! सांगलीच्या नर्सबाई म्हणायच्या, पुस्तक नसलं तरी चालेल, हिलाच बोलू द्या.

तिच्या गावात वाचनालय नाही. मी पुस्तक बांधून पाटणच्या एसटीत ओळखीच्या कंडक्टरकडे द्यायचे. ते उतरवून घ्यायला तिनं सासऱ्यांचा नंबर दिला होता. तेही फौजेतून निवृत्त. आमच्याकडं फौजेतून आलेल्या कुणालाही मेजरच म्हणतात, तसे हे मेजर. फाट्यावर उभं राहून सुनेचं पुस्तक घ्यायचे, वर मला फोन करून कळवायचे, "मिळालं बरं का मॅडम." किती भला माणूस, असं मी घरी दहादा सांगितलं असेल.

दिवाळी झाल्यावर मी टूम काढली. म्हटलं, सात महिने नुसतं वाचतोय, एकदा खरंच जाऊ. मेसेज टाकला. पहिलं उत्तर तिचं. 'आमच्या सड्यावर या. मी दावते.' पुढं मग रांगच लागली. 'घरी विचारून सांगते.' 'ह्यांना विचारून सांगते.' 'सासूबाईंना विचारून कळवते.' साठीच्या नर्सबाईसुद्धा, आयुष्यभर रात्रपाळ्या केलेल्या, 'मुलाला विचारते.' पाळण्यातल्या त्या पोराची दुपटी ह्यांनी धुतली आणि आता डोंगर चढायला त्यालाच विचारायचं! मी संतापले. आठवडा गेला, कुणाचं उत्तर नाही.

मग मी ठरवलं, आपणच विचारू. मास्तरीणबाईंचा फोन गेला की कुणी नाही म्हणत नाही, हा आमच्या भागातला अनुभव. सहलीला मुली न्यायच्या असल्या की मी असंच करते. घरी फोन करायचा, गोड बोलायचं, जबाबदारी माझी म्हणायचं. शाळेच्या स्टाफरूममध्ये बसून एकेक नंबर फिरवला. कुणाचा नवरा, कुणाची सासू. "येऊ द्या हो, संध्याकाळच्या आत सोडते. मी आहे ना." आणि मिळत गेली की परवानगी! मला तर वाटलं, मी गडच जिंकला.

शेवटचा फोन मेजरांना. 'घरी विचारते' असं न लिहिणारी ती एकटीच होती. आठवडाभर ते माझ्या डोळ्यांसमोर होतं, पण मला दिसलं नाही. बाकीच्यांच्या घरी विचारलं, हिच्याच घरी नाही, हे बरं दिसत नाही, एवढंच डोक्यात. झडली का नाही माझी जीभ तेव्हा!

मेजर खुशीत बोलले. "आवं मॅडम, बोला की."

मी सांगितलं, आम्ही सगळ्या तुमच्याकडं सड्यावर येतोय, सूनबाईंना आमच्याबरोबर पाठवा. आणि त्यांना बरं वाटावं म्हणून, वर कौतुक म्हणून, जोडलं, "त्यांना काय अवघड? त्या तर रोजच पहाटे पवनचक्क्यांपर्यंत जातात. त्याच आम्हाला वाट दाखवणार आहेत."

 

"रोज जाती?" ते म्हणाले.

"हो तर! सात महिने ऐकतोय आम्ही."

"आसं का," मेजर म्हणाले. "बरं केलंत सांगितलंत."

मी फोन ठेवला आणि चहा प्यायला गेले. पोरांच्या नुसत्या तोंडावरून कोण खोटं बोलतंय ते ओळखणारी मी, मला त्या 'आसं का'त काही ऐकू आलं नाही. त्याच संध्याकाळी ती ग्रुपमधून बाहेर पडली. फोन लावला तर बंद. मी म्हटलं, मोबाईल बिघडला असेल.

ठरल्या रविवारी आम्ही सात जणी गेलो. सात कसल्या, अकरा माणसं. सोबत म्हणून चार नवरे आले होते! परवानगी मिळाली ती अशी. त्यांनी गाड्या घाटाच्या वळणावर लावल्या, डिक्की उघडून फरसाणाचे डबे काढले, आणि आम्हाला सांगितलं की दिसेल एवढ्यातच फिरा. वाट दाखवायला ती नव्हती. आम्ही रस्त्याकडेच्या कातळावर पंधरा मिनिटं उभ्या राहिलो, फोटो काढले, एकीच्या नवऱ्यानं हॉर्न वाजवला. मला रडू येईल असं वाटलं. ह्यासाठी जमवल्या होत्या मी ह्या बायका? मी म्हटलं तुम्ही जेवून घ्या, आणि नव्या महिन्याचं पुस्तक घेऊन एकटीच खाली तिच्या गावात उतरले.

मेजरांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. "आवं, घरी येनार ते कळवायचं न्हाई का, जेवायलाच थांबला आसता." आतून ती चहा घेऊन आली. पहिल्यांदाच तिचा चेहरा पाहिला. उन्हानं रापलेला, नाकाशी बारीक तीळ. तिनं कप ठेवला आणि माझ्याकडं न बघता आत गेली.

मेजर आवाज न चढवता बोलत होते. "आमाला म्हनायची, पायथ्याच्या देवीला जाते. नवरा शिमेवर हाय, त्येच्यासाठी दिवा लावते. आमी म्हनायचो, लय भक्ती हाय पोरीची. तुमचा फोन आला तवा कळलं, दिवा लावून ती फुडं कुठं जाती ते. आता आमची मंडळी जाती तिच्यासंगं. दिवा लावायचा आन् माघारी यायचं. मोबाईल माझ्यापाशी ठिवलाय, पोराचा आला की देतो."

"अहो पण सात महिन्यांत तिला काही झालं का?"

"वर गवा हाय, बिबट्या हाय. उद्या काय झालं तर पोराला मी काय सांगू, मॅडम? त्यो तिकडं बर्फात उभा हाय."  माणूस वाईट असता तर भांडले असते. "तुमचं उपकारच झालं म्हना," ते म्हणाले आणि खरंच हात जोडले.  ह्या माणसाचे मी हात धरावेत की कप भिंतीवर फेकावा, हेच कळेना. चार नवऱ्यांच्या सोबतीनं आम्ही वरच्या रस्त्यावर फोटो काढत होतो, आणि ज्या एकटीला तो सडा पायाखालचा होता ती इथं आत कपबशा विसळत होती.

निघताना मेजर म्हणाले, "मॅडमास्नी फाटकापतूर सोड गं." ती पदर सारखा करत माझ्या मागं आली. फाटकाशी मी पुस्तक पुढं केलं. तिनं हात मागं घेतला.

"नगं. आता वाचाय लागलं की लय राग येतोय."

"माझ्यावर?"

"तुमच्यावर बी." मग ती पहिल्यांदा थेट बघून बोलली. "तुमी विचारलंच कशाला, मॅडम?"

"तुला येता यावं म्हणून गं."

"मी येनारच व्हते. देवीला म्हनून निघाले आसते आन् वर तुमाला गाठलं आसतं. समद्या वाटा दावल्या आसत्या." तिचा आवाज फुटला, तिनं तो आवरला. "मी कुनाला विचारीत न्हाई म्हनून तर जात व्हते. तुमाला काय विचारायचं व्हतं तर मला विचारायचं व्हतं."

 काहीतरी करायला हवं, आत्ताच्या आत्ता, एवढंच डोक्यात घुमत होतं. मी वळले, पडवीकडं बघितलं आणि म्हटलं, "थांब. मी मेजरांशी परत एकदा बोलते."

तिनं माझं मनगट धरलं. चांगलं घट्ट, दुखेल इतकं.

"पाया पडते मॅडम," ती म्हणाली. "आता कुनाशी बी काय बी बोलू नगा."

पडवीतून मेजरांची हाक आली. तिनं मनगट सोडलं, मला फाटकाबाहेर केलं, आणि आतून कडी घातली.