बावन्नातले तेरा रविवार

हे सांगायचं मी आजवर टाळलं.

मुलगी पाचवीत होती. रेशोचा धडा चालू होता आणि घरातल्या माहितीवरून एक शाब्दिक उदाहरण स्वतः तयार करून आणा, असं बाईंनी सांगितलं होतं. मी मुसफ्फाच्या औद्योगिक वसाहतीत एका फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये, राहायला कंपनीच्या कॅम्पात. बायको नि मुलगी बसनं दोन तासांवर शारजाला, रोल्ला भागातल्या एका खोलीत. दर चौथ्या रविवारी घरी जायचो. बाकीच्या रविवारी ड्यूटी असते, असं सांगून ठेवलं होतं.

त्या रविवारी जेवणं झाल्यावर तिनं वही पुढे केली. इंग्रजीत लिहिलं होतं: माझे बाबा तीन रविवार काम करतात आणि एका रविवारी घरी येतात. वर्षात रविवार बावन्न, तर बाबा किती रविवार घरी असतात? रेशो तीनास एक. खाली चार चौकोनांची पट्टी. तीन राखाडी, एक पिवळा. बावन्न भागिले चार, तेरा.

"करेक्ट ना, बाबा?"

हो म्हटलं असतं की खलास, विषय संपला असता. पण तो पिवळा चौकोन तिनं फार मन लावून रंगवला होता. रंग रेषेबाहेर कुठेच गेला नव्हता.

"मला सुटी दर रविवारी असते," मी म्हणालो.

भांडी घासता घासता बायको थांबली. नळ तसाच वाहत राहिला.

मग सगळंच सांगितलं. रविवारी कॅम्पातली माणसं बाहेर जातात, खोली रिकामी होते, मी नुसता पडून राहतो. इथे आलो की माझ्यासाठी वेगळा टॉवेल निघतो, चांगला कप निघतो, तुम्ही दोघी हळू बोलायला लागता. पाहुण्यासारखं वाटायचं, म्हणून टाळलं. पुढे टाळायची सवयच लागली.

"टॉवेल कुठे असतो ते तुम्हाला ठाऊक असतं," बायको माझ्याकडे न बघता म्हणाली, "तर काढून द्यावा लागला नसता."

मुलगी आता पान फाडणार, असं मला वाटलं. तिनं खोडरबर घेतलं. 'काम करतात' एवढंच खोडलं आणि त्या जागी 'तिकडेच राहतात' असं लिहिलं. पट्टीला, उत्तराला हात लावला नाही.

"नाऊ इट्स करेक्ट," ती म्हणाली.

मी उठलो, कपाट उघडलं. टॉवेल खालच्या कप्प्यात होता, तिच्या गणवेशांच्या शेजारी.