धुराच्या नळीत चार जाळ्या

सखारामभाऊ, गुडघा कसा आहे? गोदाबाई, खोकला थांबला का?

आज सकाळी बाळंतपणात अडलेल्या शेवंताला आम्ही लाकडाच्या ट्रकमधून दवाखान्यात नेत होतो. चढावर ट्रक धापा टाकू लागला. ठिणगीनं जंगल पेटू नये म्हणून ड्रायव्हर नामदेवनं धुराच्या नळीत चार जाळ्या कोंबल्या होत्या. त्या काजळीनं बुजल्या.

"काऊन रे, नाक दाबून कोणी पळते का?" मी नामदेवला विचारलं.

"वणवा लागला असता तं लोकायनं मलेच धरलं असतं, भाऊ!"

"भांडण मंग करा, मले पोचवा!" शेवंता ओरडली.

फडकं धरून तीन जाळ्या काढल्या, एक झटकून परत नळीत बसवली. ट्रक चढला. दुपारी मुलगी झाली.

नामदेव अजून स्वतःलाच बोल लावतो आहे. तुमच्याकडं जाळ्या किती लावतात? त्याला धीर येईल असं लवकर लिहा.