गुलाबाईचा खाऊ आणि शाळेची पट्टी

आमच्या तापीकाठच्या गावात शाळा चौथीपर्यंतच होती. पाचवीसाठी खोली बांधायची तर घरपट्टीवर जादा शाळापट्टी बसणार होती. ती बसवायची की नाही, हे गावानं कोजागिरीनंतर चावडीपुढं हात वर करून ठरवायचं होतं. हात अर्थात पुरुषांचेच. मी तेव्हा चौथीत होते. पट्टी नाही म्हणजे खोली नाही आणि खोली नाही म्हणजे माझी शाळा संपली, एवढं मला पक्कं कळत होतं.

आमचे मास्तर बाहेरगावचे. तळमळीचे होते, हुशार होते, आणि दुर्दैवानं आपल्या हुशारीवर फार खूश असायचे. भाद्रपदातल्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आमच्याकडे मुली संध्याकाळी घरोघर गुलाबाईची, म्हणजे पार्वतीची, गाणी म्हणत फिरतात. शेवटी घरची बाई झाकलेला डबा हलवते, आत कोणता खाऊ आहे ते मुलींनी ओळखायचं. गुलाबाईच्या पोरींना कोणी रिकाम्या हातानं परत पाठवत नाही. मास्तरांनी नेमकं हेच हेरलं.

गणिताचा तास बंद झाला आणि त्या वेळात नवं गाणं बसवणं सुरू झालं. 'गुलाबाई चालनी शाळाले वं, पाचवीले खोली कोठे वं,' असं काहीतरी मास्तरांनीच रचलेलं. शाळेच्या कपाटातल्या टिपऱ्या आम्हाला मिळाल्या, शाळेचा कंदील मिळाला, त्यात घासलेटही शाळेचंच. डबा हलला की म्हणायचं, खाऊ नको, घरच्या दादांनी हात वर करायचं वचन द्यावं. आम्हाला काय, मजाच मजा! बायका हसायच्या, पुरुष ओशाळून 'हा, हा' म्हणायचे, आणि आम्ही पुढच्या दाराला.

एका संध्याकाळी आम्ही आमच्याच दारी आलो. मी सगळ्यांत पुढं, सगळ्यांत मोठ्या आवाजात. आईनं डबा हलवला, मी वचन मागितलं. वडील ओट्यावर बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग कंदिलाकडे, आणि मान डोलावली. हसले मात्र नाहीत. मला वाटलं, दमले असतील.

चावडीपुढं हातांचं रान उठलं. पट्टी मंजूर झाली. मास्तरांनी शाळेत गूळ वाटला. मी गूळ खात घरी आले तर वडील पगडी काढून बसलेले.

"मास्तरनी मांगं नसतं तरी मी हात वर करनारच व्हतू," ते म्हणाले. "मन्ही पोर पाचवीले जाई, हाई मन्हाच मनमा व्हतं. पन देवीनं नाव लिसन पोरीसले दारोदार मतं मांगाले फिराडं, हाई काय शाळानं काम शे? आते तुन्ही शाळा बंद."

मी रडले, जेवले नाही, आईनंही शब्द टाकून पाहिला. वडील शब्द फिरवणारे नव्हते. गल्लीतल्या इतर मुलींचंही तेच झालं. आपल्याच पोरीच्या तोंडून आपल्याला भिडेत पाडलं, हा राग बापांना पट्टीपेक्षा जास्त झोंबला होता. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथं बैल मास्तरांचा नव्हता, आमचा होता. मास्तर घरी येऊन वडिलांच्या पुढं हात जोडून गेले, पण मला त्यांचा आजही राग येतो, आणि वडिलांचाही.

खोली झाली. पाचवीत नुसते मुलगे बसले. मी तिच्यासमोरून शेतात भाकरी नेत असे, मान खाली घालून.

त्या खोलीत मी एकदाच गेले, माझ्या लग्नात. सुट्टी होती, म्हणून वऱ्हाडाला उतरायला जानोसा तिथंच दिला होता. लग्न लागल्यावर मला तिथं नेऊन बसवलं. फळ्यावर काहीतरी राहून गेलं होतं. नणंदेनं विचारलं, "काय लिखेल शे वं?"

"इयत्ता पाचवी," मी वाचलं, आणि मला हुंदका आवरेना. तिनं मला जवळ घेतलं. माहेर सुटतंय म्हणून रडते, असं तिला वाटलं.