भिंत शाबूत आहे का?

ढोके डॉक्टर फिल्मशी बोलत. धंतोलीतल्या त्यांच्या खोलीत दिव्याच्या पेटीवर सीटी स्कॅनची फिल्म लावली, की आधी शर्टाच्या टोकाने चष्मा पुसत आणि मग फिल्मवरच्या गाठीलाच विचारत, "काय गा, भाडेकरू हायेस का अतिक्रमण?" पेशंट समोरच बसलेला असे. त्याला बाहेर बसवणे त्यांना पटत नसे. "गाठ त्याची हाये, तर त्याले पाहू द्या ना!"

मी हे पहिल्यांदा ऐकले तेव्हा हसण्याच्या स्थितीत नव्हतो. माझी पत्नी सुमन हिचे पोट दुखत होते म्हणून सोनोग्राफी केली. दुखणे पित्ताचे निघाले, पण उजव्या मूत्रपिंडावर टोपीसारखी बसलेली ॲड्रिनल ग्रंथी असते, तिच्यात लिंबाएवढी गाठ सापडली. कॅन्सर असू शकतो, असे सांगून सर्जनने ऑपरेशनची तारीखही दिली. सीटी स्कॅन तेव्हा शहरात नवाच आला होता. तो करून आम्ही ढोक्यांपुढे बसलो.

फिल्मवर गाठीच्या आत काळे दिसत होते. सुमनला ऐकू जाऊ नये म्हणून मी हळूच विचारले, "आतून सडली आहे का?"

"कोण म्हणते?" डॉक्टर मोठ्यानेच बोलले. "भाऊ, या फोटोत काळं पाहून भ्यायचं नाही. हवा काळी दिसते, अन् तिच्या खालोखाल चरबी. वहिनी, तुमच्या गाठीत चरबी हाये."

सुमन दोन दिवसांत पहिल्यांदा हसली. "हे लग्नापासून तेच सांगताहेत, मीच ऐकत नव्हते."

डॉक्टर इतके हसले की चष्मा पुन्हा पुसावा लागला. मग गाठीच्या कडेवरून बोट फिरवत म्हणाले, "चरबीवाली गाठ सहसा कॅन्सरची नसते. अन् ही भिंत पहा. गोल, साफ. ना किडनीत घुसली, ना शिरेत. कॅन्सर असा गुमान राहत नाही, तो शेजाऱ्याची भिंत पाडते."

आमच्या मागच्या खोलीत भाडेकरू होता, त्यामुळे माझे समाधान होईना. "भाडेकरूसुद्धा पुढे हातपाय पसरतो, डॉक्टर. शंभर टक्के सांगा."

"शंभर टक्के गणिताच्या मास्तरले मागा. मी 'बहुतेक' सांगतो. सहा महिन्यांनी परत पाहू. वाढली तर काढू." आणि आमच्यासमोरच त्यांनी सर्जनला फोन लावला. पलीकडून आवाज चढलेला आम्हालाही ऐकू आला. ढोके शांतपणे म्हणाले, "चुकलो तर माझ्या नावानं बोंबला. पण आज या बाईचं पोट फाडू नका."

ते सहा महिने कसे गेले, ते आमचे आम्हाला माहीत. दुसऱ्या फिल्मवर गाठ तेवढीच होती. त्यापुढच्या वर्षीही तेवढीच.

त्यानंतर डॉक्टर अधूनमधून रविवारी पाटवडीचा रस्सा खायला येऊ लागले. जेवण झाले की अंगणात सिगारेट पेटवत. सुमन रागावली की म्हणत, "ही माझी भाडेकरीण हाये, वहिनी. जुनी हाये, निघत नाही."

एका हिवाळ्यात त्यांचा खोकला थांबेना. स्वतःची फिल्म त्यांनी स्वतःच वाचली. आम्ही भेटायला गेलो तेव्हा ते उशीला टेकून बसले होते. "फुप्फुसातून निघाला अन् दोन्हीकडच्या ॲड्रिनलमधी जाऊन बसला," त्यांनी दुसऱ्या कोणाबद्दल सांगावे तसे सांगितले.

सुमनने विचारले, "त्याला विचारलं नाही, तू कोण म्हणून?"

"काय विचारू? भिंतच नव्हती." चष्मा पुसत म्हणाले, "तुमचावाला भाडेकरू कसा हाये?"

"आहे तिथेच."

"राहू द्या. गरीब हाये तो."

उन्हाळा लागायच्या आत डॉक्टर गेले.

सुमनच्या माहेरी कोणी वऱ्हाडी बोलत नाही, तीही एरवी बोलत नाही. पण रात्री उजव्या कुशीवर वळताना ती बरगडीखाली हात ठेवते आणि म्हणते, "राहा गा. पण भिंतीले हात लावू नको."