थोरल्या मालकांची राखीव जागा

भरतकामाची मशीन बनवणाऱ्या त्या कारखान्यात त्यांना सगळे मिनिटबाई म्हणत. बटण दाबल्यापासून सुई पहिला टाका घालायला तयार होईपर्यंत जो वेळ जातो, तेवढाच बाईंचा प्रांत. बटण दाबण्याआधी मशीन म्हणजे लोखंडाचा ठोकळा, त्याची काळजी फिटरला. सुई हलायला लागली की पुढचं सगळं डिझाईनच्या प्रोग्रामवाल्यांचं. मधलं मिनिट बाईंचं. खरं तर ते त्रेचाळीस सेकंदच होतं, पण माणसाला त्रेचाळीस सेकंदबाई म्हणून कोण हाक मारणार!

बाईंची आई होती तेव्हा तिने एकदा सगळं नीट समजून घेतलं होतं आणि विचारलं होतं, "मग उरलेला दिवस काय करतेस गं?" या प्रश्नाचं धड उत्तर बाईंना तेवीस वर्षांत सापडलं नव्हतं.

त्या मिनिटात काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही. मशीन जागं झालं की त्याची ऑपरेटिंग सिस्टीम सगळ्यात आधी मेमरी मोजते. मोजली की वाटणी. हे माझं, हे पडद्याचं, हे मोटरचं, असं करत ती जागा धरून ठेवते, बसच्या खिडकीतून आत रुमाल टाकतात तसं. राहील ते मागून येणाऱ्या प्रोग्रामांना. रुमाल पडलेली जागा त्या बिचाऱ्यांना दिसतसुद्धा नाही. ती रिकामी असो, तिथे कोणी झोपलेलं असो, त्यांच्या लेखी ती नाहीच.

या मशीनमध्ये चौसष्ट मेगाबाइट मेमरी होती आणि त्यातल्या सोळांवर थोरल्या मालकांचा रुमाल होता.

थोरले मालक म्हणजे कारखाना काढला ते. बाई पहिल्या दिवशी कामावर आल्या तेव्हा त्यांच्यासाठी टेबल होतं, खुर्ची नव्हती. थोरल्या मालकांनी स्वतःची लाकडी खुर्ची उचलून आणून दिली आणि नवीन येईपर्यंत आठ दिवस उभ्याने कारखाना चालवला. नवीन आली ती त्यांनी घेतली. जुनी बाईंकडेच राहिली, आणि अजून आहे. एक पाय डगमगतो, खाली पुठ्ठा घालावा लागतो, पण बदलायचं नाव काढलं की बाईंच्या कपाळावर आठ्या पडतात.

ते सहा वर्षांपूर्वी गेले. धाकट्या मालकांनी हुकूम काढला की प्रत्येक मशीन सुरू होताना पडद्यावर बाबा दिसले पाहिजेत. तेही एकदम नाही, काळोखातून हळूहळू. आधी पांढऱ्याशुभ्र मिशा, मग चष्म्याच्या काचा, मग कपाळ. त्यासाठी एकामागून एक तीस चित्रं लागली. शिवाय दोन टोकांची दोन बटणं एकदम दाबली की दिवसात केव्हाही बाबा हजर, म्हणून ती तीस चित्रं कायमची मेमरीत. बाईंनीच हे काम केलं. फोटो निवडताना त्या रडल्या होत्या, आणि सोळा मेगाबाइटवर रुमाल टाकताना त्यांना काडीचंही वाईट वाटलं नव्हतं. त्यानंतर ती दोन बटणं धाकटे मालक सोडून कोणीही दाबली नाहीत.

आता ताई.

मिनिटबाईंची ताई सात वर्षांनी मोठी. राग नाकाच्या शेंड्यावर, आणि हातात असली कला की फाटकं शिवलं तर कुठे फाटलं होतं ते तिचं तिलाही नंतर सापडू नये. पण जन्मभर वाट्याला आलं ते शाळेच्या गणवेशांवर बिल्ले शिवणं आणि लोकांच्या पडद्यांना दुमड घालणं. बाईंनी आग्रह करकरून तिला आपल्या कारखान्याचं मशीन घ्यायला लावलं. "घे गं, मी आहे ना," असं छातीवर हात ठेवून सांगितलं. आणि खरंच, वर्षाच्या आत ताईला नाट्यगृहाच्या नव्या पडद्याचं काम मिळालं. गडद निळी मखमल, उभे बारा पट्टे, त्यावर उडत जाणारा बगळ्यांचा थवा. उद्घाटनाच्या पत्रिकेत 'पडद्यावरील भरतकाम' असं लिहून पुढे तिचं नाव छापणार होते. त्या पत्रिकेचा कच्चा कागद ताईने मशीनसमोर भिंतीला टाचणीने लावला होता. आल्यागेल्याला ती तो दाखवत नसे, फक्त त्याच बाजूला तोंड करून बसायला सांगे.

पहिल्याच पट्ट्यात चौथ्या बगळ्याला मशीन थांबलं. पडद्यावर अक्षरं आली : मेमरी अपुरी. पुन्हा सुरू केलं. थोरले मालक हळूहळू उजळले, मिशांतून हसले, आणि चौथ्या बगळ्याला मशीन पुन्हा थांबलं.

"तुमच्या मशीनचं पोट तीन बगळ्यांत भरतं वाटतं," ताई फोनवर म्हणाली. "मी आहे ना, म्हणाली होतीस. कुठे आहेस?"

त्यानंतर तिने बोलणंच टाकलं. निरोप यायचे ते फिटरकडून. फिटर दुरुस्तीला जाई आणि परत येऊन बाईंसमोर चेहरा पाडून उभा राहून म्हणे, "ताईंनी सांगितलंय, चार दिवस झाले." मग, "ताईंनी सांगितलंय, सहा झाले." आठव्या दिवशी तो म्हणाला, "आज ताई काहीच म्हणाल्या नाहीत, नुसता चहा दिला." तेव्हा मात्र बाईंनी कॅलेंडर बघितलं. उद्घाटनाला अकरा दिवस उरले होते. काम हातचं गेलं असतं तर ताईने दुसरं केलं असतं कदाचित, पण भिंतीवरचा तो कागद तिने पुन्हा कधीच लावला नसता.

घोडं कुठे पेंड खातंय ते बाईंना पहिल्या दिवसापासून माहीत होतं, पण थोरल्या मालकांच्या जागेचा विषय काढायचा धीर होत नव्हता. शेवटी त्या धाकट्या मालकांकडे गेल्या.

"साहेब, मशीन सुरू झाल्यावर बाबांची जागा डिझाईनच्या प्रोग्रामला वापरू दिली तर? चित्र सुरुवातीला दिसेल तसंच दिसेल. नंतर ती सोळा नुसती पडूनच असतात."

"म्हणजे बाबांना उठवायचं?"

"उठवायचं नाही हो. पाहुणा आला तर जरा सरकायचं."

"आणि मी दोन बटणं दाबली तर?"

"तर मशीनच्या मेमरी कार्डावर चित्रं आहेतच, तिथून पुन्हा आणू. नऊ सेकंद लागतील."

"नऊ सेकंद!" धाकटे मालक खुर्चीत ताठ झाले. "बाबा कधी कोणाला ताटकळत ठेवायचे? नाही बाई. त्यांची जागा ती त्यांची जागा."

माणूस वाईट नव्हता. वडिलांवर जीव होता, एवढाच त्याचा गुन्हा. पण बाई जिना उतरून आपल्या टेबलाशी आल्या, डगमगत्या खुर्चीवर बसल्या, आणि ही खुर्ची कोणाची होती ते त्यांना आठवलं. ज्या माणसाने आपली खुर्ची देऊन आठ दिवस उभ्याने काढले, त्याच्या नावाने सोळा मेगाबाइट अडवून ठेवायची आणि वर त्याला मान म्हणायचं! बाईंना रागच आला. राग आला की त्या फार व्यवस्थित काम करत.

त्याच दुपारी त्यांनी त्या राखीव जागेला एक दार पाडलं. मशीन पूर्ण जागं झालं की दार उघडायचं, डिझाईनच्या प्रोग्रामने मागितलं की सगळी सोळा त्याच्या हवाली करायची. ऑपरेटिंग सिस्टीमने धरलेली जागा साध्या प्रोग्रामच्या हाती देणं म्हणजे जोखमीचं काम, म्हणून कुठून कुठपर्यंत जायचं याच्या भिंती त्यांनी तीनतीनदा तपासल्या. राहिली एक गोष्ट. अशी जागा दुसऱ्याला देताना आधी पुसून द्यायची, हा त्यांच्या धंद्यातला पहिला धडा. बाईंनी ती ओळ लिहिली. मग खोडली. पुसलं नाही तर छोटी डिझाईन चालवताना बाबांचं चित्र जसंच्या तसं शाबूत राहील, साहेबांनी बटणं दाबली तर नऊ सेकंदही लागणार नाहीत, आणि कोणाला पत्ता लागणार नाही. आणि खरं सांगायचं तर, पुसायला त्यांचा हात धजावला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हा बदल घातलेलं कार्ड नेऊन ताईच्या मशीनमध्ये घातलं. ताई पाठ फिरवून सुतं लावत होती. मशीन सुरू झालं. थोरले मालक उजळले, मावळले. एक बगळा, दोन, तीन. चौथ्याला ताईचे हात थांबले. पाचव्याला ती वळली. नवव्याला म्हणाली, "चहा टाकते." पण म्हणाली ती चुलीकडे बघून, तेव्हा समेट अजून अर्धाच झाला होता.

त्यानंतर मशीन असं पळालं की विचारू नका. अकरा पट्टे बगळ्यांनी गच्च भरून निघाले. शुक्रवारी सकाळी शेवटचा पट्टा लागला. त्यात सगळ्यांच्या पुढे उडणारा एकटा म्होरक्या बगळा होता आणि बाकी मोकळं आभाळ. एवढंसं तर काम, म्हणून ताई मशीन चालू ठेवून जेवायला बसली. दुपारी मिनिटबाईंचा फोन वाजला.

"तुझ्या बगळ्याच्या मागे मिशा उगवल्यात," ताई म्हणाली.

"काय?"

"मिशा. पांढऱ्या. वर चष्माही आहे. ये आणि बघ."

बाई धापा टाकत पोचल्या. बगळा अप्रतिम उतरला होता. आणि त्याच्या मागच्या निळ्या आभाळात, त्याच पांढऱ्या रेशमाने, थोरले मालक. चेहरा लांबट, एका अंगाला कललेला, जसं कोणी दाराआडून डोकावून बघतंय की काम कसं चाललंय.

बाईंना क्षणात उलगडा झाला. आधीचे पट्टे इतके भरलेले होते की बगळ्यांनी सोळाच्या सोळा मेगाबाइट व्यापून टाकली होती. आजही पट्टा तेवढाच लांब, म्हणून प्रोग्रामने जागा सगळी मागितली, पण बगळा एकच. त्याने पुढची थोडी जागा घेतली, मागे सकाळचं चित्र तसंच राहिलं. प्रोग्रामची समजूत अशी की मिळालेली जागा कोरीच असणार. जिथे काळोख तिथे टाका नाही, जिथे उजेड तिथे टाका, एवढंच त्याला ठाऊक. मिशांवर उजेड भरपूर होता.

"मी जागा पुसून दिली नाही," बाई खाली बघून म्हणाल्या.

"एवढी शिकलीस, आणि एवढं कळलं नाही? मी शेजारणीची वाटी परत करते तीसुद्धा धुऊन."

"उसवता येईल?"

"मखमल आहे. सुईची भोकं जायची नाहीत. आणि कापड संपलंय."

"मग वर एखादा ढग भरू या?"

ताईने मान कलती करून बघितलं. "मिशांवर ढग भरला तर दाढी होईल."

आधी कोण हसलं ते सांगता येणार नाही. पण दोघी इतक्या हसल्या की ताईला मशीनचा आधार घ्यावा लागला, आणि हसताहसता मिनिटबाई रडायला लागल्या. भिंतीवरचा कागद समोर होता. उद्या त्या नावाखाली लोक मिशीवाला बगळा बघणार होते.

"कोण आहेत पण हे? रोज सकाळी दिसतात," ताईने डोळे पुसत विचारलं.

"थोरले मालक. मला खुर्ची दिली होती ना त्यांनी."

ती गोष्ट ताईने शंभरदा ऐकली होती. तिने पट्ट्यावरून हात फिरवला, एक सुटलेला धागा कात्रीने कापला.

"मग राहू देत," ती म्हणाली. "टाके चांगले आलेत."

शनिवारी नाट्यगृह भरलं. पडदा एका बाजूने ओढायचा होता आणि त्याच्या पुढच्या कडेला म्होरक्या बगळ्याचा पट्टा, त्यामुळे लपवायला जागाच नव्हती. मशीन त्यांच्या कारखान्याचं म्हणून धाकट्या मालकांना पहिली रांग मिळाली होती, नेमकी त्याच टोकाची खुर्ची. शेजारी मिनिटबाई, मागे ताई. दिवे पडद्यावर आले. धाकटे मालक शेजारच्यांशी काहीतरी बोलत होते, ते वाक्यात मधेच थांबले.

"बाई."

"हो, साहेब."

"त्या बगळ्याच्या मागे..."

"हो. तेच आहेत."

मग बाईंनी आडपडदा न ठेवता सगळं सांगून टाकलं. दार पाडलं ते, पुसलं नाही ते, आणि का पुसलं नाही तेही. तुम्ही नाही म्हणाला होतात तरी केलं, हेही सांगितलं. घंटा झाली. धाकटे मालक पुढे वाकून पडद्यावरचा चेहरा निरखत होते. सोमवारपासून कारखान्यातल्या आपल्या डगमगत्या खुर्चीवर दुसरं कोणी बसणार असं बाईंनी मनाशी धरलं.

"चेहरा असा लांबट का झालाय?" शेवटी त्यांनी विचारलं.

"चित्राची ओळ आखूड आणि कापडाची लांब. जुळली नाही."

"फोटोत बाबांचा चेहरा कधी नीट आलाच नाही," धाकटे मालक म्हणाले. चष्मा काढून त्यांनी सदऱ्याच्या टोकाने पुसला. "म्हणजे जागा दिलीच त्यांनी. मी उगाच अडवून बसलो होतो."

"हो."

"सोमवारी सगळ्या मशीनमध्ये घाला हे. पण पुसून द्या हो. नाहीतर घरोघरी उशांवर बाबा."

"पुसायचं काम हिच्यावर सोडू नका," मागून ताई पुढे वाकून म्हणाली. "मी येऊन बघून जाईन."

तेवढ्यात दोर ओढला गेला. पुढची कडच त्यांची, त्यामुळे सगळ्यांच्या आधी थोरले मालक हलले, मखमलीच्या घडीत मिशांसकट मिटले आणि बाजूला झाले. मागे रंगमंच मोकळा झाला. नाटकातलं अजून कोणी एक शब्दही बोललं नव्हतं, आणि धाकटे मालक उभे राहून टाळ्या वाजवत होते.